आईला पीसीओएस आहे, मुलगी वयात येतेय: काय पाहायचं आणि काय नाही

आईला पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, पाळी आणि संप्रेरकांशी संबंधित आजार) असतो आणि मुलगी नऊ-दहा वर्षांची होते, तेव्हा एक प्रश्न कोणी न विचारताच घरात वावरायला लागतो: हिलाही होणार का? कपाळावर पुटकुळ्या आल्या, वरच्या ओठावर लव दिसली, पहिल्या पाळीनंतरची दुसरी दोन महिन्यांनी आली, की शंका बळावते. मग कोणी तेराव्या वर्षीच सोनोग्राफी करून घेतं, रिपोर्टात ‘पॉलिसिस्टिक’ लिहून येतं आणि मुलीच्या फाइलवर आजाराचं नाव चढतं ते उतरतच नाही. याउलट काही घरांत मुलीला सोळाव्या वर्षीही चार-चार महिने पाळी येत नाही आणि सगळे म्हणतात, सुरुवातीला होतंच असं, बसेल घडी.

एक घर घाई करतं, दुसरं कानाडोळा. दोघांचीही फसगत एकाच गोष्टीमुळे होते: वयात येण्याच्या काळात पूर्ण निरोगी मुलीचं शरीरही बरंचसं पीसीओएससारखं वागतं. हे कसं, ते समजलं की पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं सोपी होतात.

## पीसीओएस म्हणजे नेमकं काय?

पीसीओएस (बोलण्यात बरेच जण पीसीओडी म्हणतात) हा एखाद्या रक्तचाचणीत ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा सापडणारा आजार नाही. तो लक्षणांचा संच आहे. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी पाळी न येणाऱ्या, बीजांडकोष मोठे झालेल्या सात स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली, तिथून याचा वैद्यकीय इतिहास सुरू होतो. आज मोठ्या स्त्रियांच्या बाबतीत तीन गोष्टी पाहतात. पहिली, बीजांडकोषातून बीज वेळच्या वेळी बाहेर न पडणं, म्हणजे पाळी अनियमित असणं. दुसरी, अँड्रोजेन जास्त असणं. टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या गटातली ही संप्रेरकं. लोक त्यांना पुरुषी हार्मोन म्हणतात, पण थोड्या प्रमाणात ती प्रत्येक स्त्रीच्या शरीरात असतात आणि लागतातही. तिसरी, सोनोग्राफीत बीजांडकोषात खूप छोट्या पुटिका दिसणं. या पुटिका म्हणजे गाठी नव्हेत. वाढता वाढता मध्येच थांबलेल्या बीजांच्या पिशव्या असतात त्या. तीनपैकी दोन गोष्टी असतील आणि तशीच लक्षणं देणारे दुसरे आजार नसतील, तर पीसीओएसचं निदान होतं.

हा आजार दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या १० ते १३ टक्के स्त्रियांना तो असतो आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना आपल्याला तो आहे हे माहीतच नसतं. म्हणजे ‘आईला पीसीओएस नाही’ असं सांगणाऱ्या कित्येक घरांत तो असू शकतो.

## वयात येताना आत काय चालतं?

आपण ‘वयात येणं’ ही एकच घटना धरतो. प्रत्यक्षात त्यात दोन वेगळ्या प्रक्रिया असतात आणि त्या एकमेकींची वाट पाहत नाहीत.

पहिली सुरू होते सहा ते आठ वर्षांच्या सुमारास, मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींमध्ये. या ग्रंथी सौम्य अँड्रोजेन तयार करायला लागतात. त्याने घामाला मोठ्यांसारखा वास येतो, त्वचा तेलकट होते, पुढे काखेत आणि जांघेत केस येतात. बीजांडकोषांचा इथे काहीही संबंध नसतो.

दुसरी प्रक्रिया मेंदूतून सुरू होते. मेंदूचा एक छोटा भाग ठरावीक वेळाने संप्रेरकाचा ठोका द्यायला लागतो. सुरुवातीला फक्त झोपेत, नंतर दिवसाही. त्या ठोक्याने पिट्युटरी ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सुटतात, ती बीजांडकोषांना जागं करतात आणि तिथून इस्ट्रोजेन येऊ लागतं. बाहेरून दिसणारी पहिली खूण म्हणजे स्तनाच्या जागी छोटीशी, हात लावला तर दुखणारी गाठ. ती ८ ते १३ या वयात कधीही आली तरी ठीक. साधारण दोन-अडीच वर्षांनी पहिली पाळी येते.

मात्र पाळी आली म्हणजे चक्र बसलं असं नव्हे. बीज बाहेर पडल्यानंतरच बीजांडकोषात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक पुरेसं तयार होतं आणि हेच प्रोजेस्टेरॉन मेंदूला ‘आता जरा सावकाश’ असं कळवतं. पहिल्या वर्षात निम्म्याहून अधिक चक्रांमध्ये बीज बाहेरच पडत नाही. साहजिकच मेंदूला निरोप जात नाही, ठोके मागेपुढे होतात, पाळी कधी तीन आठवड्यांनी तर कधी सहा आठवड्यांनी येते. याच काळात बीजांडकोष मोठे असतात, त्यांत पुटिका खूप असतात. अँड्रोजेन चढलेली असतात, म्हणून मुरुमं. आणि उंची वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या परिणामाने शरीर इन्सुलिनलाही नेहमीइतकी दाद देत नाही. वाढ पूर्ण झाली की हे बहुतेकींमध्ये आपोआप ओसरतं.

आता मोठ्या स्त्रियांचे ते तीन निकष या मुलीला लावून पाहा. पाळी अनियमित, अँड्रोजेनची लक्षणं, भरपूर पुटिका. तेरा वर्षांची अगदी ठणठणीत मुलगी तिन्ही निकषांत बसू शकते.

## इन्सुलिनचा पाळीशी काय संबंध?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण इन्सुलिन म्हटलं की मधुमेहच आठवतो.

घरात आजोबांना कमी ऐकू येतं म्हणून टीव्हीचा आवाज वाढवतात. आजोबांना आता नीट ऐकू येतं, पण शेजारच्या खोलीत ज्याचे कान चांगले आहेत त्याचं डोकं उठतं. इन्सुलिनचं असंच होतं. साखर आत घेण्याचा निरोप स्नायूंना नीट ‘ऐकू’ येत नाही, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. रक्तातली साखर त्यामुळे काबूत राहते आणि साखरेचा रिपोर्ट नॉर्मल येतो. पण बीजांडकोषांचे कान शाबूत असतात. वाढलेलं इन्सुलिन आणि एलएच मिळून त्यांना जादा अँड्रोजेन बनवायला लावतात. त्याच वेळी यकृत एक प्रथिन कमी बनवायला लागतं; टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणं, मोकळं न सोडणं हे या प्रथिनाचं काम. ते कमी झालं की रक्तात मोकळं फिरणारं टेस्टोस्टेरॉन वाढतं.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वाढलेल्या अँड्रोजेनमुळे मेंदूला प्रोजेस्टेरॉनचा ‘सावकाश’ हा निरोप नीट पोहोचत नाही. ठोके जलदच राहतात, जलद ठोक्यांनी एलएच जास्त सुटतं, एलएच जास्त म्हणजे पुन्हा अँड्रोजेन जास्त. वयात येताना ही फेरी प्रत्येकीत थोडीफार फिरते. बहुतेकींमध्ये ती मंदावते आणि पाळी मार्गी लागते. काहींमध्ये ती मंदावतच नाही.

## पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या मुलींमध्ये काय आढळलं?

यावर सातत्याने काम झालं ते चिलीमध्ये, सांतियागोच्या चिली विद्यापीठात. तेरेसा सिर-पीटरमन यांच्या गटाने अशा मुलींना तान्ह्या वयापासून तपासलं आणि पीसीओएस नसलेल्या स्त्रियांच्या मुलींशी तुलना केली.

त्यात तीन गोष्टी पुढे आल्या. बीजांडकोषातल्या छोट्या पुटिकांमधून येणारं एएमएच हे संप्रेरक या मुलींमध्ये बालपणीच जास्त आढळलं, म्हणजे पुटिकांचा साठा आधीपासूनच मोठा असावा. बीजांडकोषांचं आकारमान आणि साखर पाजल्यानंतर वाढणारं इन्सुलिन वयात येण्याच्या सगळ्या टप्प्यांवर जास्त होतं. टेस्टोस्टेरॉन आणि एलएच मात्र शेवटच्या टप्प्यांत, शरीराची वाढ पूर्णत्वाला येताना, वेगळं दिसायला लागलं. काही मुलींमध्ये अ‍ॅड्रिनल ग्रंथींची पहिली प्रक्रियाही जरा जोरात होती.

या क्रमाला अर्थ आहे. इन्सुलिन आणि पुटिकांमधला फरक आधी येतो, अँड्रोजेनचा नंतर. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचं टेस्टोस्टेरॉन तपासून हाती काही लागत नाही, ते याचमुळे. आणि हे सगळे आकडे दोन गटांच्या सरासरीतले आहेत. दोन्ही गटांतल्या पुष्कळ मुलींचे आकडे एकमेकींत मिसळतात, त्यामुळे एखाद्या मुलीचा एक रिपोर्ट हातात घेऊन ‘हिला होणार’ असं सांगता येत नाही.

पाळी लवकर येईल का, हा आयांचा नेहमीचा प्रश्न. पाळीच्या वयावर आईला स्वतःला पाळी कधी आली होती याचा आणि मुलीच्या वजनाचा मोठा प्रभाव असतो. आठ वर्षं पूर्ण व्हायच्या आत जांघेत केस किंवा स्तनांची वाढ दिसली, तर आईला पीसीओएस असो वा नसो, डॉक्टरांना दाखवायचं. तेरा वर्षं पूर्ण होऊनही स्तनांची वाढ सुरूच झाली नसेल तरीही दाखवायचं.

## म्हणजे हे आईकडून येतं?

येतं, पण आई ‘देते’ असं म्हणणं चुकीचं. नेदरलँड्समधल्या जुळ्या बहिणींच्या अभ्यासात पीसीओएस होण्यातल्या फरकांपैकी सुमारे ७० टक्के भाग अनुवंशिकतेने समजावता आला. तरीही ‘पीसीओएसचा जनुक’ असा एक कुठेच नाही. अनेक जनुकं थोडा थोडा हातभार लावतात, आणि ती वडिलांकडूनही येतात. वडिलांच्या घरातला मधुमेह, काकूंच्या नव्हे तर आत्याच्या पाळीच्या तक्रारी, हे क्वचितच कोणी विचारतं. विचारायला हवं.

दुसरा धागा गर्भाशयातला. माकडीण आणि मेंढी यांना गरोदरपणात टेस्टोस्टेरॉन दिलं, तर त्यांच्या माद्या पिल्लांमध्ये पुढे पीसीओएससारखी लक्षणं दिसतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या लील इथल्या संशोधकांनी गाभण उंदरांना जादा एएमएच देऊन तेच दाखवलं. माणसात हे किती लागू पडतं हा वेगळा विषय. माणसातली वार (प्लॅसेंटा) आईच्या अँड्रोजेनचं बरंचसं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते आणि बाळाला त्यापासून वाचवते. ‘मी गरोदरपणात असं केलं म्हणून’ या अपराधी भावनेला मात्र यातल्या कशाचाही आधार नाही.

## पाचपट धोका हे ऐकून घाबरू नये तर काय?

हा आकडा २०१९ मध्ये स्वीडनमधल्या अभ्यासातून आला. तिथल्या राष्ट्रीय नोंदींवरून दिसलं की पीसीओएस असलेल्या आयांच्या मुलींना तेच निदान होण्याची शक्यता इतर मुलींच्या पाचपट आहे. वाचणारा लगेच हिशोब करतो: दहा टक्के गुणिले पाच, म्हणजे निम्म्या मुलींना होणारच. हा हिशोब चुकतो. त्या नोंदींमध्ये फक्त डॉक्टरांकडे जाऊन निदान झालेल्या मुली आहेत आणि तो मूळ आकडा दहा टक्क्यांपेक्षा पुष्कळ लहान आहे. शिवाय जिला स्वतःला पीसीओएस आहे ती आई मुलीला तपासायला नेतेच. दुसरी नेत नाही. फरकाचा थोडा वाटा इथूनही येत असणार. धोका वाढलेला आहे हे खरं, पण तो पाचाने गुणून काढायचा नाही.

## मग एकदाची सोनोग्राफी करून मोकळं का होऊ नये?

कारण ती या वयात उत्तरच देत नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे: पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं होईपर्यंत पीसीओएसच्या निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये, आणि या मुलींमध्ये एएमएचची चाचणीही त्यासाठी करू नये. या वयात पुटिका जास्त असणं हीच सामान्य गोष्ट आहे. (पोटात दुखतंय किंवा दुसरी काही शंका आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली सोनोग्राफी वेगळी, ती जरूर करावी.)

किशोरवयीन मुलींसाठी नियम मुद्दाम कडक ठेवलाय. तीनपैकी दोन इथे चालत नाही. पाळीची अनियमितता आणि अँड्रोजेन जास्त असल्याचा पुरावा, या दोन्ही गोष्टी लागतात. एकच असेल तर मुलीला ‘धोका असलेली’ म्हणायचं, गरज असेल तर त्रासावर उपचार करायचे आणि पुढे पुन्हा तपासायचं. निदान करण्याआधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन (अंगावरचं दूध तयार करणारं संप्रेरक) आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा एक जन्मजात दोष यांची रक्तचाचणी करून ती कारणं बाजूला काढावी लागतात.

## अनियमित म्हणजे नक्की किती?

इथे कॅलेंडर सोनोग्राफीपेक्षा जास्त कामाचं. दिवस मोजायचे ते एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत.

पहिल्या पाळीनंतरचं पहिलं वर्ष सोडून द्यायचं, त्यात अनियमितता स्वाभाविक. एक ते तीन वर्षांच्या काळात चक्र २१ दिवसांपेक्षा लहान किंवा ४५ दिवसांपेक्षा मोठं होत राहिलं तर ते अनियमित. तीन वर्षांनंतर वरची मर्यादा ३५ दिवसांवर येते. वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या आल्या तरीही अनियमितच. पहिलं वर्ष उलटल्यावर एकदा जरी ९० दिवसांच्या वर पाळी लांबली, तर डॉक्टरांकडे जायचं. पंधराव्या वर्षापर्यंत पाळीच आली नाही, किंवा स्तनांची वाढ सुरू होऊन तीन वर्षं झाली तरी आली नाही, तरी जायचं.

पाळी लांबण्याइतकाच तिचा जोरही बघा. बीज बाहेर न पडता आलेली पाळी कधी कधी थांबतच नाही. आठ-दहा दिवस रक्त जाणं किंवा तासाला पॅड बदलावं लागणं याला ‘सुरुवातीला होतं’ म्हणून सोडलं, तर मुलगी अ‍ॅनिमियात जाते.

अँड्रोजेनचा पुरावा म्हणजे ओठावरची मऊ लव नव्हे. हनुवटी, छाती, पोटाचा खालचा भाग, पाठ इथे जाड, काळे, राठ केस वाढत जाणं म्हणजे पुरावा. दोन-चार पुटकुळ्या नव्हेत. चेहरा भरून येणारी, नेहमीच्या उपचारांना न जुमानणारी मुरुमं. मान आणि काखेत घासूनही न जाणारा काळसर, मखमलीसारखा पट्टा दिसला तर तो मळ नसतो, इन्सुलिन वाढल्याची खूण असते. कृपा करून घासू नका.

## आमची मुलगी तर बारीक आहे

बारीक मुलींनाही पीसीओएस होतो. वजन हे त्याचं कारण नाही. ते आधीच चालू असलेल्या फेरीला वेग देतं. चरबी वाढली की इन्सुलिन वाढतं आणि पुढचं सगळं वर आलंच आहे. म्हणून रोज तासभर दमवणारा खेळ किंवा व्यायाम, पुरेशी झोप, गोड पेयांना आळा, हे बारीक आणि जाड दोघींसाठी सारखंच.

मात्र जेवताना मुलीच्या ताटावर नजर ठेवून टोमणे मारणं हा उपाय नाही, उलट त्याने नुकसान होतं. पीसीओएस असलेल्या मुलींमध्ये चिंता, नैराश्य आणि खाण्याचे विकार जास्त आढळतात, आणि ‘माझ्यासारखं होईल हं तुझं’ या वाक्याने त्यात भरच पडते. बदल करायचा तर सगळ्या घराने करावा. मुलगेही त्यात आले. स्वीडनमधल्याच नोंदींवरून अशा आयांच्या मुलग्यांमध्ये लठ्ठपणाचं प्रमाण जास्त आढळलं आहे, पण पाळी नसल्यामुळे त्यांच्याकडे लक्ष जात नाही.

## आधीच औषध सुरू केलं तर?

पीसीओएस होऊच नये म्हणून निरोगी मुलीला द्यावं असं एकही मान्य औषध आज नाही. स्पेनमध्ये जन्मतः कमी वजनाच्या आणि लवकर केस आलेल्या मुलींना मेटफॉर्मिन (मधुमेहात वापरलं जाणारं औषध) देऊन आशादायक निष्कर्ष मिळाले होते. पण त्या मुली खास निवडलेल्या होत्या. आईला पीसीओएस आहे एवढ्यावरून मेटफॉर्मिन सुरू करण्याला त्यातून आधार मिळत नाही.

त्रास सुरू झाल्यानंतरची गोष्ट वेगळी. तेव्हा पाळी नियमित करण्यासाठी आणि केस-मुरुमांसाठी डॉक्टर संप्रेरकांच्या गोळ्या किंवा मेटफॉर्मिन सुचवू शकतात. निदान पक्कं नसलं तरी, धोका असलेल्या मुलीलाही ते देता येतं. ‘गोळ्यांनी पुढे मूल होणार नाही’ ही भीती निराधार आहे. गोळ्या थांबवल्या की त्यांचा परिणाम जातो. महिनोन् महिने पाळी न येऊ देण्यात खरा तोटा आहे, कारण गर्भाशयाचं अस्तर बाहेर न पडता जाड होत राहतं. आणि मूल होण्याबद्दलच बोलायचं तर पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांना मूल होतं, काहींना बीज बाहेर पडण्यासाठी औषधाची मदत लागते. हे पंधरा वर्षांच्या मुलीला कोणीतरी सांगावं लागतं. नाहीतर ती इंटरनेटवर वाचते, आणि तिथे ‘वंध्यत्व’ हा शब्द पहिल्याच ओळीत असतो.

## ‘धोका असलेली’ हा शिक्का किती दिवस?

पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं झाली की, म्हणजे साधारण विशीच्या आसपास, तिची नव्याने तपासणी करायची, आणि आता मोठ्या स्त्रियांचे निकष लावायचे. मधल्या काळात पाळी नियमित झाली, केस-मुरुमं वाढली नाहीत, तर हा शेरा फाइलमधून काढून टाकायला डॉक्टरांना सांगा. निदान झालंच, तर त्यानंतर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉन यांची ठरावीक काळाने तपासणी सुरू होते. दोन्ही वेळी डॉक्टर पहिला प्रश्न एकच विचारतात: पहिली पाळी कधी आली? ती तारीख मुलीच्या लसीकरणाच्या कार्डावरच लिहून ठेवा, आणि पुढच्या पाळ्यांच्या तारखा तिच्या तिला लिहू द्या.